जेट विमानाची गर्जना कशी मंदावली
जेट विमानाची गर्जना मुख्यतः मागून सुटणाऱ्या तप्त झोताच्या वेगातून जन्मते. आणि जेम्स लाइटहिल यांनी १९५२ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार झोताची ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे, इतर गोष्टी समान राखून वेग निम्मा केला, तर तिचा २५६वा हिस्साच उरतो. म्हणून अभियंत्यांनी इंजिनाचा पुढचा पंखा विशाल करून, बहुतांश हवा ज्वलनकक्षाला वळसा घालून संथपणे बाहेर पडावी, अशी तजवीज केली. एअरबस ए३२०निओच्या प्रॅट अँड व्हिटनी इंजिनात गाभ्यातील हवेच्या सुमारे १२ पट हवा अशी बाहेरून वाहते. बोइंग ७८७च्या इंजिन-आवरणाची करवतीसारखी दातेरी कड, जी झोत व भोवतालची हवा यांचे मिश्रण सौम्य करते, ती मला या साऱ्यांत सर्वांत देखणी युक्ती वाटते. मुंबईच्या विमानतळावर ७८७ दिसले, तर ती अवश्य न्याहाळा.