पगच्या मेंदूला सूज

“डॉक्टर, आमच्या पगच्या मेंदूला सूज आली आहे. पोरांना लागण होईल का?” परवा एका गृहस्थांनी विचारले.

कुत्र्याला झटके आले की आधी रेबीजची शंका घ्यावीच. चावा बसला किंवा लाळ जखमेला लागली, तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवून लगेच लस घ्यावी. या पगचे मात्र एमआरआय आणि पाठीतले पाणी तपासून झाले होते. त्यात जंतू नव्हते. पग, माल्टीज, चिवावा अशा लहान जातींत कधी कधी शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते. ही सूज माणसाला लागत नाही.

उपचार म्हणजे प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड, बहुधा महिनोन्‌महिने. त्याने तहान, भूक, लघवी वाढते. म्हणून गोळी मनाने एकदम बंद करू नये, जिवावर बेतते. झटका आल्यास तोंडात हात घालू नये, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांहून लांबला तर तातडीने पशुवैद्यक गाठावा.

काही कुत्री उपचारांनी वर्षानुवर्षे जगतात, काही हातची जातात. त्यात मालकाचा दोष नसतो. मुलांनाही खरे तेच सांगावे.