चरबी कुठे घडते?

रविवारी पामहून बोईसरला गेलं की शेजारशेजारची दोन दुकानं गाठायची, एक कोंबडीचं, एक मटणाचं. कोंबडीच्या पोटातली चरबी पिवळी, लिबलिबीत. बोकडाच्या गुर्द्याभोवतीची पांढरी, घट्ट. फरक रंगापुरताच वाटतो, पण या दोन चरब्यांचं माहेरच वेगळं!

कोंबडीची जवळजवळ सगळी नवी चरबी कलेजीत घडते. मक्यातल्या पिष्टाची साखर होते, कलेजी तिचे तुकडे दोन-दोन कार्बनांनी जोडत लांब साखळ्या करते आणि रक्तातून माल रवाना करते. पोटातला पिवळा गोळा हे नुसतं गोदाम. अंड्यातली सुमारे 5 ग्रॅम चरबीही कलेजीचीच. अंड्यावर आलेल्या कोंबडीची कलेजी पिवळट दिसते ती त्यामुळे.

बोकडाचं उलटं. त्याच्या पहिल्या पोटात जंतू पाला आंबवतात आणि त्यातून मुख्यतः अॅसेटिक आम्ल निघतं. आपल्याकडे शिळ्या ताडीला जो झोंबरा आंबटपणा येतो, त्यातही हेच आम्ल. त्याचीच पुढे चरबी होते! पाल्यातून आयती साखर जवळजवळ मिळत नाही, म्हणून बोकडाची कलेजी साखर घडवण्यातच गुंतलेली. चरबीच्या पेशी आपली चरबी आपणच बनवतात. तारापूर एमआयडीसीच्या शेजाऱ्यांना सांगायचं तर कारखाना आणि गोदाम एकाच पत्र्याखाली. शेळीची कास आणखी वेगळा, आखूड साखळ्यांचा माल काढते. दुधाचा तो खास वास त्यांचाच. कॅप्रिक, कॅप्रिलिक ही आम्लांची नावंही शेळीच्या लॅटिन नावावरून पडली.

माणूस कोंबडीच्या पंगतीतला. आपली नवी चरबीही मुख्यतः यकृतात बनते, पण साध्या जेवणावर ती थोडीच. पोटावरची बहुतेक चरबी खाल्लेल्या तेला-तुपाची. आतडं ते तेल सुटं करतं, आपल्या भिंतीत पुन्हा जुळवतं आणि पुढे धाडतं. साखर, दारू वाढली, शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं, की मात्र यकृत ओव्हरटाइम करू लागतं.

आणि अंगात किती चरबी साठली आहे, हे बाहेरून कळतही नाही. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. फोटोत दोघेही सडपातळच.