ई-मेलचं सॉफ्टवेअर गोगलगाय झालंय? नवीन कॉम्प्युटर घेण्याआधी इनबॉक्सची फाईल तपासा

जानेवारीची अखेर. द्राक्षपट्ट्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचं ऑफिस. चार बागांचे रेसिड्यू रिपोर्ट लॅबकडून मेलवर यायचे होते. लॅबवाले फोनवर सांगत होते, "मॅडम, सकाळीच पाठवलेत." इकडे ऑफिसच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड उघडायलाच सहा-सात मिनिटं लागत होती. उघडलं की वरच्या पट्टीवर 'नॉट रिस्पॉन्डिंग'. कालपर्यंतचे मेल दिसत होते, आजचे नाहीत. एखाद्या मेलवर क्लिक केलं तर विषय एका व्यापाऱ्याचा आणि आत मजकूर भलत्याचाच.

रिपोर्ट शेवटी लॅबने व्हॉट्सॲपवर टाकले, त्या दिवसाचं भागलं. पण बँकेला खेळत्या भांडवलासाठी मागच्या तीन वर्षांच्या इनव्हॉइस हव्या होत्या आणि त्या सगळ्या याच मेलमध्ये. दुकानदाराने मशीन न बघताच सांगितलं, जुनं झालंय, नवीन घ्या. चाळीस हजारांचं कोटेशनही पाठवलं. एक संचालक म्हणाले, "फॉरमॅट मारा ना, पळेल मग."

फॉरमॅट मारलं असतं तर सगळंच गेलं असतं. कारण या ऑफिसचे जुने मेल इंटरनेटवर कुठेच नव्हते, फक्त त्या एका हार्ड डिस्कवर होते.

मशीनला काही झालेलं नव्हतं. एक्सेल पटकन उघडत होतं, प्रिंट निघत होती, ब्राउझरही बरा चालत होता. फक्त मेल अडत होता. पहिली तपासणी हीच. सगळाच कॉम्प्युटर रेंगाळत असेल तर दुखणं वेगळं. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर बाकी सगळं सोडून आधी डेटा बाहेर काढा. पण एकटा मेलच अडत असेल तर मेल साठवलेल्या फाईलींकडे बघायचं.

थंडरबर्ड हे मोझिलाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, फायरफॉक्स ब्राउझरवाल्यांचंच. सोसायटी, पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, छोटी पॅकहाऊस अशा ठिकाणी ते वापरात असतं, कारण पैसे लागत नाहीत आणि रेंज गेली तरी जुने मेल उघडतात. मोबाईलवर जीमेल वापरणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही, कारण तिथे सगळा साठा गूगलकडे असतो आणि फोनमध्ये थोडाच भाग उतरतो. डेस्कटॉपच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र साठा आपल्या डिस्कवर येऊन बसतो.

तो साठा कसा असतो, हे समजलं की अर्धं काम झालं. प्रत्येक मेलची वेगळी फाईल असेल असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये थंडरबर्ड एका फोल्डरचे सगळे मेल एकाच लांबलचक फाईलीत एकाखाली एक लिहीत जातं. इनबॉक्स म्हणजे एक फाईल, सेंट म्हणजे दुसरी. सोबत आलेले फोटो आणि पीडीएफही त्यातच, आणि तेही फुगून. ३ एमबीचा फोटो मेलमध्ये अक्षरांच्या रूपात लिहिला जातो, तेव्हा साधारण ४ एमबी जागा खातो.

मग डिलीट केल्यावर काय होतं? सातबारा बघणाऱ्याला हे लगेच कळेल. फेरफार झाला की जुनं नाव कंसात जातं, पण कागदावरून पुसलं जात नाही. मेलचंही तसंच. डिलीट केलेला मेल डोळ्यांसमोरून जातो, फाईलीत मात्र 'कंसात' पडून राहतो. त्याच फाईलीतून मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला तरी मूळ जागी त्याचं भूत राहतं. सहा वर्षं असं चाललं की फाईल किती फुगते बघा. या ऑफिसच्या इनबॉक्समध्ये दिसायला मेल थोडे होते आणि फाईल होती ९ जीबीची.

या मोठ्या फाईलीशेजारी एक छोटी फाईल असते, नावामागे डॉट एमएसएफ असलेली. ती अनुक्रमणिका. कोणता मेल मोठ्या फाईलीत कुठे सुरू होतो, वाचलेला की न वाचलेला, हे तिच्यात असतं. मेल उतरत असताना लाईट गेली, कॉम्प्युटर धाडकन बंद झाला, की या अनुक्रमणिकेचा आणि मूळ फाईलीचा मेळ सुटतो. विषय एकाचा आणि मजकूर दुसऱ्याचा, नवे मेल गायब, हे प्रकार बहुतेक वेळा यामुळेच. मेल गेलेले नसतात, पान नंबर चुकलेले असतात.

आता दुरुस्ती. पण त्याआधी दोन गोष्टी, आणि या दोन चुकवायच्या नाहीत.

पहिली, खातं पॉप आहे की आयमॅप ते बघा. अकाउंट सेटिंग्जमध्ये सर्व्हर सेटिंग्ज उघडलं की वरच लिहिलेलं असतं. आयमॅप असेल तर मेलचा मूळ साठा सर्व्हरवर असतो, डिस्कवर त्याची नक्कल. तिथे भीती कमी, पण एक ध्यानात ठेवा: कॉम्प्युटरवरून मेल डिलीट केला तर तो फोनवरूनही जातो. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून घेतला जातो. 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर' या खुणेवर सगळं अवलंबून. खूण असेल आणि दिवसांची मर्यादा १४ असेल, तर १४ दिवसांनंतर तो मेल फक्त तुमच्या डिस्कवर उरतो. वरच्या ऑफिसात खूणच नव्हती. म्हणजे मेल उतरला की सर्व्हरवरून साफ.

दुसरी, नक्कल काढा. थंडरबर्डच्या हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन आहे. तिथे प्रोफाइल फोल्डरसमोर ओपन फोल्डरचं बटण असतं. मेनू दिसत नसेल तर कीबोर्डवरचं ऑल्ट दाबा. फोल्डर उघडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. पेनड्राइव्हवर टाकायला गेलात तर बऱ्याचदा 'फाईल टू लार्ज' असं येतं, ड्राइव्ह रिकामा असूनही. पेनड्राइव्ह खराब नसतो. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर बसतच नाही. एक्सफॅट किंवा एनटीएफएसने फॉरमॅट करून घ्या, मात्र त्यात आधीचं काही असेल तर ते पुसलं जाईल.

नक्कल झाली की ट्रॅश आणि जंक रिकामे करा. मग इनबॉक्सवर राईट क्लिक करून कॉम्पॅक्ट निवडा. हे म्हणजे कंसातली नावं गाळून सातबारा नव्याने लिहून काढणं. सॉफ्टवेअर खरोखरच चालू मेलची नवी फाईल लिहितं आणि मग जुनी काढून टाकतं. म्हणून दोन अटी आल्या. डिस्कवर निदान त्या फाईलीएवढी तरी मोकळी जागा पाहिजे, सी ड्राइव्ह लाल झाला असेल तर आधी जागा करा. आणि मध्येच वीज जाता कामा नये. भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसा, यूपीएसची बॅटरी शाबूत आहे का ते बघा. चालू असताना इतर काही उघडू नका. मोठी फाईल असेल तर चांगला अर्धा तासही जातो, स्क्रीन गोठल्यासारखी दिसते. घाईने बटण दाबून बंद करणं हीच इथली मोठी चूक.

कॉम्पॅक्ट हाणून पाडत असेल, किंवा झाल्यावरही मेल उलटसुलट दिसत असतील, तर अनुक्रमणिका नव्याने बांधायची. इनबॉक्सवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे रिपेअर फोल्डर. एका वेळी एकच फोल्डर घ्या. आयमॅप असेल तर यात मेल पुन्हा सर्व्हरवरून उतरतात, तेव्हा फोनच्या हॉटस्पॉटवर बसून हे करू नका, दिवसाचा डेटा संपेल.

थंडरबर्ड उघडतच नसेल तर हेच काम हाताने होतं. ते बंद ठेवून प्रोफाइलमधल्या मेल फोल्डरात जायचं आणि इनबॉक्स डॉट एमएसएफ ही छोटी फाईल काढून टाकायची. पुढच्या वेळी उघडताना ती आपोआप नवी बनते. इथे हात थरथरला पाहिजे, असंच म्हणावं लागेल. शेजारीच नुसत्या 'इनबॉक्स' नावाची, मागे डॉट काहीही नसलेली फाईल असते. आकाराने मोठी, बघणाऱ्याला वाटतं हाच कचरा. तेच तर सगळे मेल. ती उडवली की पॉपवाल्याचा सगळा इतिहास गेला. ऑफिसच्या मॅडमनी पहिल्या दिवशी हीच फाईल रिसायकल बिनमध्ये टाकायला घेतली होती, आकार बघून थांबल्या.

अँटिव्हायरसचाही इथे संबंध येतो. मेल एकाच फाईलीत असल्यामुळे दर नव्या मेलला ती अख्खी फाईल तपासायला घेतली तर मशीन दम खाणारच. त्याहून वाईट म्हणजे एखाद्या मेलसोबत व्हायरस आला, तर काही अँटिव्हायरस त्या एका मेलऐवजी अख्खी इनबॉक्स फाईलच क्वारंटाईनमध्ये डांबतात. सकाळी इनबॉक्स कोरा दिसला तर आधी क्वारंटाईनची यादी बघा. थंडरबर्डच्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटी सेटिंगमध्ये येणारे मेल एकेक करून तपासू देण्याची खूण असते, ती करून ठेवा.

फक्त शोध घेतानाच अडत असेल तर प्रोफाइलमधली ग्लोबल मेसेजेस डीबी नावाची एसक्यूलाइट फाईल बघा. ती शोधाची यादी आहे, थंडरबर्ड बंद असताना काढली तर पुन्हा बनते. बनेपर्यंत तासभर मशीन कुरकुरेल. कुणी जादाचे ॲड-ऑन टाकले असतील तर हेल्पमधल्या ट्रबलशूट मोडने ते बंद करून फरक पडतो का ते बघावं.

आउटलुकवाल्यांचं गणित साधारण हेच. तिथे पॉप खात्याचा साठा सहसा पीएसटी फाईलीत असतो आणि दुरुस्तीला मायक्रोसॉफ्टचंच स्कॅनपीएसटी हे साधन सोबत येतं. नक्कल आधी, हा नियम तिथेही.

रिपेअरनंतरही काही मेलमध्ये अगम्य अक्षरं दिसत असतील तर मूळ फाईलच मधे खराब झाली आहे. अशा वेळी नवा फोल्डर करून चांगले मेल शंभर-दोनशेच्या गठ्ठ्यांनी तिकडे हलवावेत. खराब मेल कुठे आहे ते आपोआप कळतं, तिथे अडकतं.

त्या ऑफिसात इनबॉक्स ९ जीबीवरून अडीचवर आला. नंतर जुने मेल निवडून कीबोर्डवरचं 'ए' दाबलं, की ते आर्काइव्हमध्ये वर्षावार फोल्डर होऊन बसले. ते हलवल्यावर इनबॉक्स पुन्हा एकदा कॉम्पॅक्ट केला, नाहीतर भुतं तशीच राहिली असती. सर्व्हरवर मेल ठेवण्याची खूणही केली. दर महिन्याच्या एक तारखेला प्रोफाइल कॉपी करायची हार्ड डिस्क आता अध्यक्षांच्या घरी असते, ऑफिसात नाही.

तीन वर्षांच्या इनव्हॉइस दुसऱ्या दिवशी दुपारी बँकेत गेल्या. चाळीस हजारांचं कोटेशन अजून फाईलला लावलेलं आहे.