दोन पाती आणि रोहूचा काटा

मासळीचे बोनलेस काप काढायला इलेक्ट्रिक सुरी कोणती घ्यावी, हा प्रश्न घेऊन कुणी बऱ्हाणपूरच्या मासळी बाजारात गेलं, तर कापणारा कंपनीचं नाव सांगण्याच्या भानगडीत पडणार नाही. तो आधी विचारील, मासा कुठला? रोहू असेल तर पैसे खिशात ठेवा. पंगस असेल तर बसा, बोलू.

मध्य प्रदेशातलं बऱ्हाणपूर माशांसाठी ओळखलं जात नाही. 17 जून 1631 रोजी मुमताज महलचा मृत्यू इथे झाला, मुघलांच्या काळातला कुंडी भंडारा इथे जमिनीखालून पाणी आणतो, आणि शहराच्या गल्ल्यांत आजही पॉवरलूमचा खडखडाट असतो. पण बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावलेली तापी शहराला लागून वाहते, आणि शेजारच्या खंडवा जिल्ह्यात नर्मदेवर इंदिरा सागरचा अफाट जलाशय पसरला आहे. त्यामुळे निमाडात गोड्या पाण्यातल्या मासळीला तोटा नाही. रोहू, कटला आणि मृगळ हे तीन कार्प रोजचे. मरळ, वाम, शिंगाडा मिळाला तर गिऱ्हाइकाचं नशीब.

हे मासे कापण्याचं हत्यार म्हणजे उभ्या पात्याची विळी. कापणारा बसतो, विळीचा पाट पायाखाली दाबतो आणि दोन्ही हातांनी मासा धरून पात्यावर सरकवतो. पातं जागचं हलत नाही, हलतो तो मासा. खवले, पर, कल्ले, पोट, मग मुंडकं आणि आडवे तुकडे, असा क्रम ठरलेला. गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत काम उरकलेलं असतं.

इलेक्ट्रिक सुरीत हे सगळं उलटं आहे. तिथे मासा फळीवर पडून राहतो आणि पातं धावतं.

या सुरीचा इतिहास फार लांबचा नाही आणि त्याच्या सुरुवातीला माशाला जागाही नाही. शोधाचं श्रेय साधारणपणे अमेरिकेतल्या जेरोम मर्फी यांना दिलं जातं, साल 1964 सांगतात. बाजारात ती गाजवली जनरल इलेक्ट्रिकसारख्या कंपन्यांनी. काम होतं सणाच्या जेवणातली भाजलेली टर्की टेबलावर पातळ कापण्याचं. पुढे गादीवाल्यांना कळलं की फोम कापायला याहून सोपं काही नाही. आणि तळ्यांत गळ टाकणाऱ्या हौशी लोकांनी ती माशांवर चालवून पाहिली. फिनलंडमध्ये 1936 साली सुरू झालेली, गळाची आमिषं बनवणारी रापाला कंपनीही आता खास माशांसाठी अशा सुऱ्या विकते.

खरी गंमत मुठीच्या आत आहे. मोटरच्या दांड्यावर आटे असतात, ते एका दातेरी चाकाला फिरवतात. त्या चाकावर केंद्रापासून बाजूला सरकवलेल्या दोन खुंट्या असतात, एकमेकींच्या बरोबर समोर. प्रत्येक खुंटी एकेक पातं ढकलते. म्हणजे एक पातं पुढे जातं तेव्हा दुसरं मागे येतं. दोन्ही पाती एकमेकांना घासून चालतात, आणि एकावरची रिव्हेट दुसऱ्याच्या खाचेत अडकून त्यांना फाकू देत नाही. गोल फिरणाऱ्या चाकातून पुढे-मागे जाणारी गती काढायची ही युक्ती बऱ्हाणपूरच्या लूमवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही. त्याच्या यंत्रातली फणी अशाच एका वाकड्या दांड्याच्या जोरावर दिवसभर डोलत असते.

पाती दोन का, हे कळलं की सुरीचं मर्म कळलं. एकच पातं वेगानं पुढे-मागे झालं असतं तर मऊ मांस त्याच्याबरोबर ओढलं गेलं असतं. दोन पाती विरुद्ध दिशांना धावल्यामुळे ओढ एकमेकींना मारते आणि मासा जागेवर राहतो. हाताला फक्त दिशा द्यायची असते. कल्ल्यामागे पातं उतरवायचं, कण्याला टेकलं की आडवं करायचं आणि शेपटीकडे न्यायचं. बरगडीचे काटे ते सरळ तोडत जातं. शेपटीपाशी थांबायचं, काप उलटून टाकायचा आणि कातडी व मांसाच्या मधून पुन्हा पातं फिरवायचं. उरलेल्या बरगड्या साध्या पातळ सुरीनं उचलून काढल्या की काप तयार. सराव असलेल्या हाताला एका बाजूसाठी मिनिटही लागत नाही.

मात्र हे सगळं अमेरिकेतल्या तळ्यांतल्या पर्च आणि वॉलआयसारख्या माशांवर. रोहूच्या अंगात गणित बिघडतं.

रोहू, कटला, मृगळ यांच्या अंगात कणा आणि बरगड्यांखेरीज आणखी एक काटा असतो. स्नायूंच्या पडद्यांमध्ये तयार झालेली ही बारीक हाडं, बरीचशी इंग्रजी वाय अक्षरासारखी फाटलेली, कण्याला न जुळता मांसात सुटी रुतलेली असतात. पोटाच्या तुकड्यात ती कमी, पाठीत आणि शेपटीकडे जास्त. इलेक्ट्रिक सुरी कण्यालगत कितीही सफाईनं फिरवली तरी हे काटे कापातच राहतात. वर दातेरी पातं त्यांचे तुकडे करतं. अख्खा काटा जिभेला लागतो आणि बोटांनी काढता येतो. तुटलेला काटा घशात जाऊन कळतो. बोनलेस म्हणून विकलेला रोहू म्हणूनच आडव्या तुकड्यापेक्षा जास्त धोक्याचा.

जगात या काट्याशी लढायचे दोन मार्ग दिसतात. क्योतोचे आचारी हामो नावाच्या वामेसारख्या समुद्री माशाचे काटे काढतच नाहीत. जड सुरीनं ते मांसावर इतके जवळ जवळ छेद देतात की इंचभराहून थोड्या जास्त अंतरात वीसहून अधिक काप बसतात, आणि खालची कातडी मात्र शाबूत राहते. काटे इतके बारीक होतात की तोंडात जाणवत नाहीत. दुसरा मार्ग यंत्राचा. रबरी पट्टा माशाला भोकं पाडलेल्या पिंपावर दाबतो, मांस भोकांतून आत जातं, काटे आणि कातडी बाहेर राहतात. हाती येतो तो खिमा. कोचीची केंद्रीय मत्स्य प्रौद्योगिकी संस्था 1957 पासून मासळीच्या प्रक्रियेवर काम करते आहे. कार्पचा असा खिमा आणि त्याचे कटलेट हा आपल्याकडच्या मत्स्य संशोधनाचा जुना विषय. रोहूला काटेमुक्त करायचं तर पैसे या यंत्रात घालावेत.

निमाड-खानदेशानं तिसराच मार्ग धरला आहे: आडवे तुकडे, काळ्या मसाल्याचा रस्सा आणि बोटांनी शांतपणे काढलेला काटा.

मग सुरी घ्यायची ती कुणासाठी? पंगस, तिलापिया आणि मरळ हे तीन उमेदवार. पंगसात असे बारीक काटे नसतात, म्हणून व्हिएतनामचा तोच मासा बासा या नावानं गोठवलेल्या कापांच्या रूपात भारतातल्या हॉटेलांत पोचला. तिलापियाही सोपा. मरळीत काटे कमी, पण दर चढा. तिला सुरी लावताना हात कचरतो.

आणि इथून अडचणींची रांग सुरू होते. पहिली वजनाची. तिलापियातून कातडी काढलेला काप मिळतो तो जेमतेम एक तृतीयांश. बाजारात गिऱ्हाईक अख्ख्या माशाचे पैसे मोजतं, आणि मुंडकं, अंडी, पोटाची चरबी हे त्याच्या लेखी वाया जाणारं नसून जेवणाचा ऐवज आहे. दोन तृतीयांश मासा बाजूला सारणाऱ्याला तो भाव कापावर चढवावा लागतो.

दुसरी मोटरीची. घरगुती इलेक्ट्रिक सुरीवर सलग काही मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, अशी सूचना असते. टर्की वर्षातून एकदा कापतात, त्यांना ती पुरते. रविवारच्या सकाळी गिऱ्हाइकांची रांग लागलेल्या माणसानं ती न थांबवता चालवली तर मोटर तापून वास मारू लागेल. शिवाय अमेरिकेतून नातेवाइकानं हौसेनं आणलेली सुरी बहुधा 120 व्होल्टची असते. इथल्या 230 व्होल्टच्या सॉकेटमध्ये ती थेट लावली की खेळ खलास. बॅटरीवरची घेतली तर तिचा चार्जर दोन्ही दाबांवर चालतो का, एवढं तपासून भागतं. बऱ्हाणपुरात तर बॅटरीवरचीच घ्यावी, कारण तिसरी अडचण पाण्याची आहे.

मासळीचा ओटा कायम ओला. पाती काढून धुता येतात, मूठ पाण्यात बुडवता येत नाही. रक्त, चिकटा आणि खवले पाती बसवायच्या खाचेतून आत सरकतात आणि तिथेच सडतात. निवड करताना वॅटचा आकडा पाहण्याआधी ही खाच पाहावी: ती किती उघडी आहे, ब्रशनं साफ होते का, बटण रबरानं झाकलं आहे का. पाती मागवली तर मिळतील का, हेही. कारण दातेरी जोडपात्याला दगडावर घासून धार लागत नाही. बोथट झालं की नवं. विळीला सहाणेवर चार हात मारले की ती पुन्हा तयार.

चौथी अडचण उन्हाची. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडून बसतो. मऊ पडलेल्या माशावर धावतं पातं फिरवलं की काप फाटतो. मासा बर्फात घट्ट झालेला हवा, कापल्यावर पुन्हा बर्फात जायला हवा. कातडी गेलेलं मांस अख्ख्या माशापेक्षा लवकर खराब होतं. म्हणजे सुरीबरोबर बर्फाची पेटीही हिशेबात धरावी लागते, आणि बऱ्याचदा तीच महाग पडते.

एवढं करूनही सुरी कुठे चालेल, तर फिश टिक्का आणि फिंगर पुरवणाऱ्या आचाऱ्याकडे, लग्नाच्या ऑर्डरीवर, जिथे माणसं उभ्यानं खातात आणि काटा काढायला हात मोकळा नसतो. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्या आणि जलाशयांतली मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बाजाराला तलावांतल्या आणि बाहेरून बर्फात येणाऱ्या माशावर विसंबावं लागतं, पंगसाकडे वळणंही सोपं होतं. सुरी विकायला येणाऱ्यानं तेव्हाच यावं. फक्त ओल्या हातानं ती धरायची की नाही, याचं उत्तर आधी तयार ठेवावं.