टक् वाजलं की हात थांबवा

भोसरीच्या एमआयडीसीत आमची छोटीशी कॅलिब्रेशन लॅब आहे. व्हर्निअर, मायक्रोमीटर, प्रेशर गेज असं सगळं तिथे तपासायला येतं, पण माझ्या टेबलावर येतात ते टॉर्क रेंच. कारखान्यांचे, गॅरेजचे आणि हल्ली सुट्टीच्या दिवशी पार्किंगमध्ये स्वतःच गाडी खोलून बसणाऱ्या हिंजवडीच्या मंडळींचेही. रेंच हातात घेतला की मशीनवर चढवायच्या आधीच त्याची कुंडली कळते. डोक्यावर चेपलेल्या खुणा असतील तर तो हातोडी म्हणूनही राबलाय. मुठीवर पाइप घुसवल्याचे ओरखडे असतील तर रिपोर्टात काय निघणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

बहुतेकांना वाटतं, हा नट जास्त घट्ट करायचा पाना आहे. त्याचं खरं काम वेळेवर थांबवण्याचं. बोल्ट आवळतो तेव्हा तो ताणला जातो. पोलादाचा असला तरी केसभर लांबतो आणि परत आखूड व्हायच्या त्याच्या ओढीने दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. ओढ कमी पडली तर हादऱ्यांनी नट सुटत जातो. जास्त झाली तर बोल्ट कायमचा लांबतो, आटे चढतात, नाहीतर डोकं तुटून हातात येतं. मोजायला हवी ती खरं तर ही ओढ, पण गॅरेजात ती थेट मोजण्याची सोय नसते. म्हणून आपण पिळण्याचा जोर मोजतो: हाताचा दाब गुणिले पान्याची लांबी, न्यूटन-मीटरमध्ये.

मेख आहे ती इथेच. पिळण्याच्या जोरातला साधारण निम्मा भाग नटाच्या बुडाशी होणाऱ्या घर्षणात जातो आणि चाळीसेक टक्के आट्यांमध्ये. बोल्ट ताणायला उरतात जेमतेम दहा टक्के. आट्यांना ऑइल चोपडलं की घर्षण घटतं आणि रेंचवर आकडा तोच असूनही बोल्ट बराच जास्त ताणला जातो. गंज असला तर उलटं होतं. टक् वाजतं, पण नट बसलेलाच नसतो. ‘थोडं ग्रीस लाव रे, पुढच्या वेळी सोपं जाईल’ म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. चाकाच्या स्टडला काही लावायला मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर काकांना चहा द्या, आटे तारेच्या ब्रशने घासा आणि कोरडेच ठेवा.

अंदाजाने किती चुकतं ते पाहा. 60 किलोचा माणूस 30 सेंटिमीटरच्या व्हील पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी नटावर सुमारे 175 न्यूटन-मीटर पडतात. आपल्याकडच्या बऱ्याचशा छोट्या गाड्यांच्या मॅन्युअलमधला आकडा 85 ते 120च्या आसपास असतो. पंक्चरवाल्याची एअर गन तर कुठे थांबते, हे त्या पोरालाही ठाऊक नसतं. पुढच्या वेळी रात्री घाटात टायर बसतो तेव्हा गाडीसोबत आलेल्या आखूड पान्याने नट हलत नाही, मग पुन्हा त्याच्यावर चढून उभं राहणं आलं. एक नट फार घट्ट आणि शेजारचा ढिला असला, तर ब्रेकची डिस्क वाकडी ओढली जाऊन ब्रेक दाबताना स्टिअरिंग थरथरू शकतं. मग लोक ब्रेक पॅड बदलत बसतात.

आता निवड. दुकानदार आधी विचारतो, किती सुती? चार सुती म्हणजे अर्ध्या इंचाचा चौकोन, तीन सुती म्हणजे तीन अष्टमांश इंचाचा. चाकं आणि सस्पेन्शनसाठी चार सुती, 40 ते 200 न्यूटन-मीटरचा रेंच पुरतो. त्याहून मोठा घेऊ नका, ‘पुढेमागे उपयोगी पडेल’ म्हणूनही नाही. आयएसओ 6789 या मानकानुसार टक् वाजणाऱ्या रेंचची चूक अधिक-उणे 4 टक्क्यांच्या आत लागते, म्हणजे 100 लावल्यावर तो 96 ते 104मध्ये सुटला पाहिजे. पण ही हमी सर्वसाधारणपणे त्याच्या कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांपासून पुढे असते. स्केलच्या तळाशी आतली स्प्रिंग इतकी सैल असते की टक् इतकं हलकं वाजतं, हाताला कळतसुद्धा नाही.

स्पार्क प्लग याच रेंचने लावू पाहणारे मला दर महिन्याला भेटतात. 14 मिलिमीटर आट्याचा, वॉशरवाला प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये साधारण 25 ते 30 न्यूटन-मीटरने बसतो. 10 नंबरचा पाना लागणारे छोटे बोल्ट तर 10च्या आसपासचे, आणि गॅरेजात सगळ्यात जास्त तुटतात ते हेच. ते चाकाच्या रेंचने आवळणं म्हणजे रद्दीच्या काट्यावर सोनं तोलणं. त्यांच्यासाठी तीन सुती, 5 किंवा 10पासून 50-60पर्यंतचा वेगळा रेंच हवा. महागडा एक घेण्यापेक्षा मध्यम किमतीचे दोन बरे, असं माझं मत आहे.

डिजिटल रेंच दिसायला छान, बीप करतो, दिवा लावतो, काही कोनही मोजतात. हेडचे बोल्ट आधी ठरलेल्या आकड्यापर्यंत आणि पुढे अमुक अंश फिरवायचे असतात, तिथे कोनाचा उपयोग आहे. ज्याला चाकं आणि ऑइल बदलण्यापलीकडे जायचं नाही, त्याला त्याची गरज नाही. माझ्या मनात मात्र हळवा कोपरा आहे तो काट्याच्या जुन्या रेंचसाठी. एक वाकणारा दांडा, शेजारी न वाकणारी सळई आणि पट्टीवर आकडे. त्यात बिघडण्यासारखं जवळपास काही नाही. काटा शून्यावर नसेल तर तो हलकेच वाकवून शून्यावर आणायचा. फक्त डोळा पट्टीच्या बरोबर समोर हवा, आणि गाडीखाली आडवं पडून ते दर वेळी जमत नाही.

वापरताना पहिलं काम मॅन्युअल उघडण्याचं, आणि आकड्यापुढचं एकक वाचण्याचं. बऱ्याच रेंचवर दोन पट्ट्या असतात. 85 न्यूटन-मीटर लावायचे तिथे फूट-पाउंडाच्या पट्टीवर 85 लावले तर नट 115ने आवळला जातो. जुने मेकॅनिक ‘साडेआठ किलो’ म्हणतात ते किलोग्रॅम-मीटर. दहाने गुणलं की न्यूटन-मीटरच्या जवळ येतं.

नट आधी हातानेच फिरवा, तिरका चढला तर लगेच कळतं. चाक हवेत असताना साध्या पान्याने बसतं करा, जॅक उतरवा आणि मग रेंच घ्या. चार नट असले तर समोरासमोर, पाच असले तर चांदणी काढल्यासारखे, आणि एका दमात नाही, दोन टप्प्यांत. मूठ जिथे आहे तिथेच धरा, हळू, सलग ओढा. झटक्याने ओढलं तर टक् वाजेपर्यंत आकडा पुढे गेलेला असतो. आणि टक् वाजलं की थांबा. खात्रीसाठी आणखी एकदा टक् करण्याची सवय मी अनुभवी फोरमनमध्येही पाहिली आहे. प्रत्येक जादा टक् नटाला थोडं पुढे नेऊ शकतं. 50 ते 100 किलोमीटर चालवल्यावर मात्र एकदा जरूर तपासा, विशेषतः अलॉय व्हील असतील तर.

एअर गनने आवळलेला नट रेंचने तपासता येत नाही, हेही लक्षात ठेवा. रेंच लगेच टक् म्हणतो, कारण नट 85च्या पुढे गेलेला आहे. किती पुढे, ते तो सांगत नाही. सैल करून पुन्हा आवळावा लागतो, आणि सैल करायला साधा पाना वापरायचा. रेंच त्यासाठी नाही.

काम झालं की स्प्रिंगवाला रेंच स्केलच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली नको. जर्मनीतल्या स्टालविलेच्या मॅनोस्कोपसारख्या काही रेंचना याची गरज नसते, कारण त्यांची यंत्रणाच वेगळी असते. कारखान्यांसाठी 5,000 वेळा वापर किंवा 12 महिने, यातलं जे आधी होईल तेव्हा तपासणी, असा प्रघात आहे. घरच्या रेंचचे 5,000 टक् व्हायला आयुष्य जाईल, पण तो हातातून फरशीवर पडला असेल तर वर्ष मोजत बसू नका. एनएबीएलची मान्यता असलेल्या कुठल्याही लॅबमध्ये द्या.

तोवर घरच्या घरी ढोबळ तपास करता येतो. रेंचचा चौकोन व्हाइसमध्ये पकडा, दांडा आडवा ठेवा. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंत 40 सेंटिमीटर असतील तर तिथे दोरीने 20 लिटरचा पाण्याचा भरलेला जार अलगद सोडा. पाण्याचे साडेअठ्ठ्याहत्तर न्यूटन-मीटर, जार आणि रेंचच्या स्वतःच्या वजनाचे आणखी थोडे, म्हणजे 85च्या आत-बाहेर. 70 लावले तर टक् वाजायला हवं, 95 लावले तर नको. यातलं एक जरी उलटं झालं तर रेंच घेऊन भोसरीला या. जार मात्र घरीच ठेवा.