दातातल्या किडीचा जोडीदार

दात ठणकायला लागला की गावाकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी देत. किडे झडतात, असं म्हणत. दातात तसला किडा नसतो, पण दात ‘किडला’ हा शब्द आपण सोडलेला नाही.

खरं काय आहे ते पहिल्यांदा दिसलं १६८३ साली. हॉलंडमधल्या डेल्फ्टचे कापडव्यापारी लेव्हेनहुक रोज मिठाने दात घासत. तरीही फटीत साचलेला पांढरा मळ त्यांनी पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर त्यात जीव वळवळत होते. १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी उलगडा केला, की जिवाणू साखर-पिष्टापासून आम्ल करतात आणि ते आम्ल दात पोखरतं. १९२४ मध्ये किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातातून स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स वेगळा काढला. पुढे कालांतराने बराचसा रोख या एका जिवाणूवर गेला.

बुरशीचं खातं वेगळं होतं. कँडिडा म्हणजे तान्ह्या बाळाच्या जिभेवरचा दह्यासारखा थर, आजोबांच्या कवळीखालची लाली. २०१० मध्ये अमेरिकेत २० निरोगी माणसांची तोंडं तपासली, तेव्हा चौघांपैकी तिघांत कँडिडा निघाली. म्हणजे ती पाहुणी नव्हे, घरातलीच.

माझ्या मते खरं वळण २०१४ चं. लहान मुलांच्या किडलेल्या दातांवरच्या थरात म्युटन्सबरोबर कँडिडाही सापडत होती. ह्यून कू आणि सहकाऱ्यांनी दोघांना उंदरांच्या तोंडात एकत्र सोडलं, खायला साखर दिली. एकट्या जिवाणूने केली त्याहून कितीतरी भयंकर कीड झाली. ही जोडी जमते कशी? म्युटन्स एक विकर बाहेर सोडतो. ते बुरशीच्या अंगावर जाऊन बसतं आणि साखरेपासून चिकट खळ तयार करतं. एरवी हे दोघे एकमेकांना फारसे धरत नाहीत, या खळीने मात्र घट्ट चिकटतात. साखर नसेल तर खळच नाही.

२०२२ मध्ये याच गटाने दात किडलेल्या चिमुरड्यांची लाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. जिवाणूंचे पुंजके बुरशीच्या तंतूंत गुंतले होते, आणि ते तंतू वाढू लागले की अख्खा पुंजका पृष्ठभागावरून पुढे सरकत होता, मध्येच उडीही घेत होता. जिवाणूला स्वतःला चालता येत नाही. त्याला बुरशीचे पाय मिळाले होते.

‘दुधाचेच दात, पडणारच आहेत’ असं म्हणून आपण मुलांची दुखणी अंगावर काढतो. तसं करू नका. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात देऊन बाळाला रात्री झोपवू नका, आणि पहिला दात दिसला की त्या दिवसापासून तो पुसायला लागा.