एक कॉल आणि तीन नावं

आजचा भाग जरा वेगळा आहे. गेल्या आठवड्यात मी जॉन क्राकौरचं 'इन्टू थिन एअर' वाचून संपवलं. १९९६ च्या मे महिन्यात एव्हरेस्टवर दोन दिवसांत आठ जण गेले, त्याची ही हकिगत. क्राकौर स्वतः त्या चढाईत होता. वाचल्यावर दोन रात्री मला धड झोप लागली नाही. का, तेच आज सांगतो.

रॉब हॉल हा न्यूझीलंडचा गाइड. त्याच्या गटात डग हॅन्सन होता, पोस्टात काम करणारा. आदल्या वर्षी हॉलनेच त्याला शिखराच्या जवळून मागे फिरवलं होतं. १० मे रोजी, फार तर दुपारी दोनपर्यंत मागे फिरायचं, असं ठरलेलं. हॅन्सन पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. हॉल त्याच्यासाठी थांबला. मग वादळ आलं. हॅन्सन वाचला नाही. हॉल शिखरापासून जेमतेम शंभर मीटर खाली अडकला. दुसऱ्या दिवशी बेस कॅम्पवरच्या लोकांनी रेडिओ सॅटेलाइट फोनला जोडला आणि तो घरी बायकोशी बोलला. तिला सातवा महिना होता. बाळाचं नाव सारा ठेवायचं, असं दोघांचं बोलणं झालं. तो शेवटचा कॉल.

मी पुस्तक मिटलं. आधी रागच आला. अरे बाबा, दोनला फिरायचं ना! पण पंख्याखाली बसून हे म्हणणं सोपं आहे. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. मेंदूला ऑक्सिजन पुरत नाही, विचार मंदावतो. त्यात समोर दुसऱ्यांदा आलेला माणूस. त्याला पुन्हा 'नाही' कसं म्हणायचं?

नंतर मात्र एक गोष्ट टोचली. त्याच वादळात तिबेटच्या बाजूने आयटीबीपीचे तीन लडाखी जवान गेले: त्सेवांग सामानला, दोर्जे मोरुप, त्सेवांग पालजोर. हे आपल्या देशाचे. तरी त्यांच्यासाठी माझे डोळे भरले नव्हते. कारण साधं आहे. हॉलचा कॉल मी शब्दांत वाचला, यांचा तसा काही वाचला नाही. मन आकड्याने हलत नाही, तपशिलाने हलतं. दुःख जास्त कुणाचं, हे त्यावरून ठरत नाही.

म्हणून आज ती तीन नावं मुद्दाम मोठ्याने घेतली. तुम्हीही एकदा घ्या. भेटू पुढच्या भागात.